उत्तरेची बस

सप्टेंबरातल्या एका सोमवारी हार्लन ट्वेट माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "अर्डिस, त्या विज्ञानाच्या बाईंना जरा बोलावून घे. त्यांचं करारपत्र द्यायचं राहिलंय."

विज्ञानाच्या बाई मे महिन्यातच शाळा सोडून गेल्या होत्या. त्यांच्या निरोपाला हार्लननीच भाषण केलं होतं. त्यांच्या जागी माणूस मिळाला नाही, म्हणून वरच्या वर्गांना विज्ञान टीव्हीच्या पडद्यावरून दुसऱ्या गावची शिक्षिका शिकवत होती, आणि तो पडदा रोज सकाळी हार्लन स्वतःच चालू करून देत होते.

"हार्लन, त्या गेल्या ना," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "हो की. वय झालं, बाई."

मीही हसले. पण ते आपल्या खोलीत गेल्यावर मी बराच वेळ टाईप करायची थांबले होते. ते विसरले याचं मला एवढं काही वाटलं नाही. हसण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती येऊन गेली, ती मला आवडली नव्हती.

आमचा ड्रेयरचा शाळा-जिल्हा म्हणजे एक विटांची इमारत, तीन बस आणि त्या साली बालवाडीपासून बारावीपर्यंत धरून अठ्ठावन्न मुलं. नकाशावर मात्र तो इकडून तिकडे चाळीस मैल पसरलेला. हार्लन त्याचे सुपरिंटेंडंट. मुख्याध्यापकही तेच, बीजगणित शिकवणारेही तेच, एखादा ड्रायव्हर आजारी पडला तर बस हाकणारेही तेच. उन्हाळ्यात मैदानावरचं गवतही तेच कापत. मी कचेरी सांभाळायची: पगार, राज्याला जाणारे अहवाल, शाळा-मंडळाच्या सभांचं इतिवृत्त, पोरांचे ताप, आयांचे फोन. सव्वीस वर्षं मी त्या खुर्चीत बसले, त्यातली एकोणीस हार्लनच्या हाताखाली. आमचं पटायचं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, आणि मी त्यांना कधी तोंडघशी पडू दिलं नाही.

ऑक्टोबरात त्यांची बायको लोरेन माझ्या घरी आली. शनिवार होता, मी भोपळ्याच्या पायसाठी पीठ लाटत होते. ती कोट न काढताच बसली.

"तुझ्या लक्षात आलंच असेल," ती म्हणाली.

"आलंय."

"डॉक्टरकडे जाऊन आलो आम्ही. सुरुवात आहे म्हणाले. कुणाला दोन वर्षं लागतात, कुणाला सहा महिने." तिनं टेबलावरचं पीठ बोटानं एका जागी गोळा केलं. "अर्डिस, जूनपर्यंत काढू देत त्याला. जूनमध्ये तो निवृत्त होतोय हे सगळ्या गावाला माहीत आहे. मानानं जाऊ दे. आत्ता कळलं तर पोरं वर्गात हसतील गं त्याला."

"आणि काही चुकलं तर?"

"तू आहेस ना."

मी हो म्हटलं. त्यांच्यासाठी म्हटलं हे खरं. पण अर्धंच खरं. सुपरिंटेंडंटशिवाय राज्य शाळा चालू देत नाही, आणि आमच्यासारख्या गावात त्या जागेसाठी अर्ज येत नाहीत. हार्लन निवृत्त होणार म्हणून उन्हाळ्यात जाहिरात दिली होती तेव्हा एकच माणूस आला होता, तोही जेवून निघून गेला. हार्लन वर्षाच्या मध्ये गेले असते तर मंडळानं वरचे वर्ग उचलून हॅल्स्टनला पाठवले असते. हॅल्स्टन सत्तावीस मैलांवर. एकदा मोठी पोरं गेली की त्यांच्या मागून बास्केटबॉल जातो, मग सामन्यानंतर शुक्रवारी भरणारं कॅफे, मग दुकान. आजूबाजूच्या तीन गावांचं झालेलं मी पाहिलं होतं. तेव्हा मी हार्लनना झाकलं ते शाळेसाठीही झाकलं, आणि माझ्या खुर्चीसाठी नाही, असंही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

मग आमचा एक शिरस्ताच पडला. सकाळी पावणेसातला मी एका कार्डावर दिवसाची कामं लिहायची: कुठला तास, कुणाचा फोन, कुणाची आई भेटायला येणार. ते कार्ड ते सदऱ्याच्या खिशात ठेवत. दुपारी पुन्हा नवं. त्यांची पत्रं मी लिहायची, ते सही करत. मंडळाच्या सभेत त्यांच्या शेजारी बसून मी कागदावर पेन्सिलीनं उत्तर लिहायची आणि कागद सरकवायची. मंडळाचा अध्यक्ष वेलंड हाइन्ली एकदा म्हणाला, "सर, तुम्ही अर्डिसला विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही आजकाल." सगळे हसले. वेलंड हार्लनचा जुना विद्यार्थी, ते नुसते शिक्षक होते तेव्हाचा. चाळीशी उलटली, तीन हजार एकर शेती, तरी त्यांना तो सरच म्हणायचा.

बीजगणित मात्र ते विसरले नव्हते. वर्गाच्या दारावरून जाताना मी थांबून ऐकायची. फळ्यापाशी ते पूर्वीचेच हार्लन होते. त्यामुळे मला वाटायचं, जून काही फार लांब नाही.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळ इतकी छान उजाडली की पोरं कोट उघडे टाकून आली. छपरावरचा बर्फ ठिबकत होता. वादळ संध्याकाळनंतर येणार असं रेडिओवर सांगत होते. बारा वाजून दहा मिनिटांनी हॅल्स्टनच्या सुपरिंटेंडंटचा फोन आला. तो हार्लननी घेतला. मी समोरच होते.

फोन ठेवून ते म्हणाले, "वादळ लवकर येतंय. पश्चिमेचा हमरस्ता बंद केलाय. तासाभरात आपल्यावर. बस सोडायच्या नाहीत, अर्डिस. सगळी वादळघरी पाठवायची."

एका दमात, स्पष्ट बोलले. आमच्याकडे रानातून येणाऱ्या प्रत्येक पोराला गावातलं एक घर नेमून दिलेलं असतं. वादळात अडकलं तर तिथं जेवायचं, तिथंच झोपायचं. ती यादी माझ्या फोनशेजारी भिंतीवर चिकटवलेली होती. चौतीस पोरं, एकोणीस घरं. मी फोन लावायला घेतले. आत कुठेतरी मला बरं वाटत होतं, कारण अडचणीच्या वेळी माणूस पहिल्यासारखा ताठ उभा राहिला होता.

हार्लननी कोट चढवला. "मी शेडमध्ये जाऊन ड्रायव्हरांना सांगून येतो."

माझ्या कानाला फोन होता. मी मान हलवली.

कार्ड लिहिलं नाही. दोनशे पावलांवरची शेड, एकच वाक्याचा निरोप. कार्ड कशाला लिहायचं?

त्या दोनशे पावलांत काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. थोड्या वेळानं ते परत आले, बूट झटकले, आणि खडू घेऊन वर्गावर गेले. मला म्हणाले, "झालं." मी पुढचा नंबर फिरवला.

पावणेएकच्या सुमाराला खिडकीबाहेरचं धान्याचं कोठार दिसेनासं झालं. ते कोठार एकशे वीस फूट उंच आहे. मग झेंड्याचा खांब गेला, मग पायऱ्या. वारा इमारतीला असा भिडला की फायलींचं कपाट थरथरलं. माझे फोन संपले होते. यादी घेऊन मी जेवणघरात गेले, पोरांना घरांची नावं वाचून दाखवायला. उत्तरेच्या बसची सातही पोरं जागेवर नव्हती.

"ती सात कुठं गेली?" मी बालवाडीच्या बाईंना विचारलं.

"गिडियन घेऊन गेला की. दारात येऊन ओरडला, उत्तरवाले कोट घाला म्हणून. अर्धा तास झाला. का गं?"

कचेरीत धावत येऊन मी बसचा रेडिओ उचलला.

"गिडियन! अर्डिस बोलतेय. कुठं आहेस?"

खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच सावकाश. गिडियन वॉनर अडुसष्ट वर्षांचा होता आणि एकतीस वर्षं उत्तरेचा रस्ता चालवत होता. "तळ्याच्या पुढं असेन. नक्की नाही सांगता येत. मला माझंच बॉनेट दिसत नाहीये गं."

"तू निघालास कशाला? पोरं गावात ठेवायची होती!"

त्यानं पुन्हा बटण दाबलं.

"हार्लन म्हणाला, निघ. शेडमध्ये मी एकटाच होतो, बाकीचे दोघे आले नव्हते अजून. दोनदा विचारलं मी त्याला. म्हटलं, अरे पश्चिमेला काळं झालंय, खरंच निघू? तर म्हणाला, तुझा रस्ता सगळ्यात लांबचा, आत्ता निघालास तर वादळाच्या आधी पोचशील. अर्डिस, तो साहेब आहे. मी काय म्हणणार?"

"बरं. बरं. आता हलू नकोस."

"हलतोय कसला. उजवं चाक चरात गेलंय. पोरं ठीक आहेत, गाणी म्हणताहेत. तेल अर्ध्याच्या वर आहे. आणि हे बघ, एल्वेराला फोन करून सांग, ती लाल गाय आज-उद्या व्यायची आहे. आत घे म्हणावं तिला. आणि एकटीनं वासरू ओढत बसू नकोस म्हणावं, कंबर धरेल."

"सांगते."

मी शेरीफच्या कचेरीला कळवलं. ते म्हणाले, बर्फ काढायचा नांगर निघालाय, पण पुढचं काही दिसत नाही, चालत्या माणसाच्या वेगानं येतोय. मी त्याच्या बायकोला, एल्वेराला, फोन करून बस अडकल्याचं सांगितलं, गायीचा निरोपही दिला. ती म्हणाली, "पोरं अडकलीत आणि याला गाय सुचतेय," आणि हसली. घाबरली की ती हसायची.

दुपारच्या दुसऱ्या तासाची घंटा झाल्यावर हार्लन कचेरीत आले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गिडियनला जायला कुणी सांगितलं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते रागावले होते, हवालदिल झाले होते, पोरांची नावं एकेक करून विचारत होते. मी काही बोलले नाही. ती बोलायची वेळ नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

गिडियन दर वीस मिनिटांनी रेडिओवर यायचा. बर्फ बसच्या मागच्या बाजूला चढत होता आणि धुराची नळी बुजत होती. नळी बुजली की धूर आत येतो. म्हणून तो उतरून फावड्यानं ती मोकळी करून येत होता. तीन वाजता बोलला. तीन वीसला बोलला, तेव्हा त्याला धाप लागली होती. मी म्हटलं, "गिडियन, इंजिन बंद करून बस थोडा वेळ." तो म्हणाला, "बालवाडीतल्या छोट्याचे ओठ निळे पडलेत गं. एवढी एक खेप करतो."

त्यानंतरचा आवाज त्याचा नव्हता. टेसा होती, दहावीतली, त्या बसमधली सगळ्यात मोठी.

"मिसेस वाइगल? गिडियन बाहेर गेले ते आलेच नाहीत."

"किती वेळ झाला?"

"खूप झाला. आम्ही हाका मारल्या. हॉर्न वाजवला." तिचा आवाज फुटत होता. "माझ्याकडे उड्या मारायची दोरी आहे. ती बांधून बघून येऊ का?"

माझ्याशेजारी हार्लन उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, एकोणीस वर्षांची सवय म्हणून. ते खिडकीकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "टेसा, नीट ऐक. दार उघडायचं नाही. कुणीही बाहेर जायचं नाही. इंजिन बंद कर. सगळ्यांना मधल्या दोन बाकांवर घे, छोट्याला सगळ्यांच्या मध्ये. बूट काढून पाय एकमेकांच्या कोटात घाला."

"पण गिडियन?"

"तू दार उघडायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

तिनं दार उघडलं नाही. ती आज नर्सिंग शिकतेय, आणि मला दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. तिचं बरोबर आहे. ते ओझं मीच तिच्या अंगावर टाकलं.

संध्याकाळी पावणेसातला नांगर पोचला. सातही पोरं जिवंत होती. छोट्याच्या डाव्या पायाची दोन बोटं पुढं डॉक्टरांनी काढली. गिडियन सकाळी सापडला, बसपासून चाळीस पावलांवर, कुंपणाला टेकून बसलेला. वाऱ्यात त्याला दिशा कळली नव्हती. कुंपणाची तार हाताला लागली तेव्हा ती धरून चालत राहिला असावा, पण उलट्या बाजूनं.

शेरीफचा माणूस शुक्रवारी आला. हार्लननी त्याला सांगितलं, "बस सोडायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं. अर्डिससमोर ठरवलं. गिडियन स्वतःच्या मनानं गेला." त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांच्या डोक्यात तेवढंच उरलं होतं.

त्यानं मला विचारलं, "बाई, बस सोडायच्या नाहीत हे ठरलं होतं?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं पुढचं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

दोन दिवसांत गावानं आपल्यापुरतं शोधून काढलं, की गिडियन गायीसाठी घरी निघाला होता. एल्वेरानंच बिचारीनं कुणाला तरी सांगितलं होतं, की शेवटपर्यंत त्याच्या जिवाला त्या लाल गायीचा घोर होता. मी पोचवलेला निरोप. कॅफेत लोक म्हणायचे, "एका वासरासाठी सात पोरांचा जीव टांगणीला लावला की हो म्हाताऱ्यानं." अंत्यविधीला चर्च अर्धंच भरलं. तळघरातल्या जेवणाला सूप उरलं, कूखेनचे गोड केक उरले. आमच्याकडे अंत्यविधीच्या जेवणात काही उरत नसतं. मी भांडी घासत होते. एल्वेरा माझ्या मागून येऊन म्हणाली, "राहू दे गं, तू किती करशील," आणि माझ्या हातातून ताट घेतलं. तेव्हाही मी बोलले नाही.

वादळानंतर नऊ दिवसांनी, शनिवारी सकाळी, मंडळाची खास सभा होती. शाळेच्या वाचनालयात, छोट्या खुर्च्यांवर. पाच सदस्य, टेबलाच्या टोकाला हार्लन, नीट बांधलेला टाय. मी इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते. साठ-सत्तर लोक आले होते. एल्वेरा शेवटच्या रांगेत, कोट अंगावरच.

वेलंडनं विमा कंपनीच्या वकिलानं लिहून दिलेला कागद वाचायला घेतला. वाचताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. "मंडळ अशा निष्कर्षाला येत आहे, की सदर दिवशी उत्तर मार्गाचा चालक सुपरिंटेंडंटच्या सूचनेविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर, बस घेऊन निघाला." मग मला म्हणाला, "लिहून घे, अर्डिस. कोण अनुमोदन देतंय?"

मी 'सुपरिंटेंडंटच्या सूचनेविरुद्ध' इथपर्यंत लिहिलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

"वेलंड, हे मला लिहिता येणार नाही."

"म्हणजे?"

"हे खरं नाही. गिडियन मला रेडिओवर म्हणाला होता, हार्लननी त्याला निघायला सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं होतं, खरंच निघू का म्हणून."

कुणीतरी मागं म्हणालं, "काय?"

वेलंडचा चेहरा लाल झाला. "आणि हे तू आज सांगतेस? नऊ दिवसांनी?"

"हो." इथं थांबता आलं असतं. पण एक सुटलं की बाकीचं धरून ठेवता येत नाही. "सप्टेंबरपासून हार्लनना आठवत नाही. रोजच्या गोष्टी. मी कार्डं लिहून देते. तुम्हाला गेलेली पत्रं माझी आहेत. सभेतली उत्तरं माझी आहेत. त्या दिवशी मी कार्ड लिहिलं नाही."

पहिल्या रांगेत लोरेन होती. तिनं डोळे मिटून घेतले.

हार्लन माझ्याकडे वळले. रागानं नाही. वर्गात एखादं गणित चुकलं तर ते जसे फळ्याकडे बघत, तसे बघत होते. "अर्डिस, मी त्याला निघ म्हणालो?"

"गिडियन तसं म्हणाला."

"गिडियन खोटं बोलायचा नाही," ते म्हणाले. मग वेलंडला विचारलं, "मी म्हणालो असेन का रे?"

"सर..." वेलंड म्हणाला. एवढा आडदांड माणूस, कागदाची सुरळी करत बसला.

हार्लन उठून उभे राहिले. एक हात टेबलावर ठेवला. "मला शेडमध्ये गेल्याचं आठवतं. दार उघडल्याचं आठवतं. आतलं आठवत नाही. म्हणजे मी तसं म्हणालो नाही, असं मला सांगता येणार नाही. ते वाक्य खोड, अर्डिस. गिडियननं सांगितलं ते लिही. आणि खाली लिही, की मी आजपासून जागा सोडतोय." ते थांबले. "तारीख घाल."

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलंय. ती वही अजून शाळेत आहे.

एल्वेरा उठली आणि सरळ माझ्या टेबलापाशी आली. लोक बाजूला झाले.

"सप्टेंबरपासून ठाऊक होतं तुला?"

"हो."

"तुझ्या हातातलं ताट घेतलं होतं मी."

ती दाराबाहेर गेली. तिच्या मागोमाग आणखी बरेच लोक गेले, आणि जाताना कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्याच दिवशी राजीनामा लिहून वेलंडच्या हातात दिला. त्यानं तो वाचून घडी केली. "आणि सोमवारी शाळा उघडायची कोणी? राज्याचे अहवाल पंधरा तारखेला जायचेत. दुसरं कुणाला येतात ते? जूनपर्यंत बसायचं त्या खुर्चीत. तुला जायला आवडेल, म्हणूनच बस."

बसले. हॅल्स्टनचा सुपरिंटेंडंट आठवड्यातून दोन दिवस यायचा, सह्या करून जायचा. बाकीचे तीन दिवस इमारतीत मी. शिक्षक माझ्याशी कामापुरतं बोलायचे. छोट्याची आई फोनवर माझा आवाज ऐकला की दुसऱ्या कुणाला दे म्हणायची. बीजगणिताचा तासही आता पडद्यावरून होऊ लागला.

एप्रिलच्या शेवटी एके दुपारी एल्वेरा आली. कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. ती समोरच्या खुर्चीत बसली, ज्या खुर्चीत खोड्या काढलेली पोरं बसतात.

"तो काय म्हणाला ते मला सांग," ती म्हणाली. "सगळं. जसंच्या तसं. तुझं काही मध्ये घालू नकोस."

मी सांगितलं. तळं, बॉनेट, गाणी, हार्लनला दोनदा विचारलेलं. गाय, वासरू, कंबर. तीन वाजताचं, तीन वीसचं. 'एवढी एक खेप करतो' हेही सांगितलं.

"कंबर धरेल म्हणाला?"

"हो."

"हे तू फोनवर नव्हतं सांगितलंस."

"घाईत होते. गाय आत घे, एवढंच सांगितलं."

मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. ती उठली, पर्स काखेत घेतली. "वासरू मेलं त्या रात्री," ती म्हणाली. "मी एकटीनंच ओढलं." आणि गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

जूनमध्ये मंडळानं तीन विरुद्ध दोन मतांनी वरचे चार वर्ग हॅल्स्टनला पाठवायचं ठरवलं. वेलंडनं विरोधात मत दिलं, पण आवाजात जोर नव्हता. जाहिरात पुन्हा दिली होती, एकही अर्ज आला नव्हता. आता खाली आठवीपर्यंत तेहेतीस मुलं आहेत. मोठ्या पोरांसाठी पहाटे हॅल्स्टनची बस येते. मी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खोलीत काम करते. ट्रक येतात, जातात. बोलावं लागत नाही.

ट्वेट मंडळी ऑगस्टच्या शेवटी मिनेसोटाला मुलीकडे राहायला गेली. सामान हलवायला कुणी गेलं नाही असं कळलं, म्हणून मी गेले. लोरेननं दार उघडलं, क्षणभर बघितलं, आणि आत घेतलं. आम्ही दोघींनी चार तास खोकी बांधली. कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पडदे काढले, गादी जिन्यातून खाली ओढली. एक शब्द बोललो नाही, 'इकडून धर', 'सांभाळ' याखेरीज. हार्लन गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते, काच खाली करून. मी शेवटचं खोकं मागं ठेवलं तेव्हा ते मला म्हणाले, "थँक्यू हं. फार मदत झाली तुमची." एकोणीस वर्षांत त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

लोरेननं घराला कुलूप लावलं आणि माझ्यापाशी आली.

"तू सांगितलंस ते बरोबर केलंस," ती म्हणाली. "त्यालाही तेच हवं असतं. पण मला पत्र पाठवू नकोस, अर्डिस. फोनही करू नकोस."

"नाही करणार."

ती गाडीत बसली. रस्त्याला लागेपर्यंत मी अंगणात उभी होते. मग कामावर गेले. गव्हाची कापणी चालू होती आणि काट्यावर ट्रकांची रांग लागली होती.